जिप्सी विकायची की ठेवायची: आषाढी ते मार्गशीर्ष

गाडी: मारुती जिप्सी, १९९५ची, हजार सीसी (खरं तर ९७०), चार गिअर, कापडी हूड. २००४ साली सेकंडहँड घेतली. मुक्काम आजरा. अशीच जुनी गाडी दारात उभी असेल आणि मन धड इकडं ना तिकडं अशी अवस्था असेल, तर माझे पैसे कुठं गेले ते बघा.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि माजघरात तीन ठिकाणी भांडी लावायची वेळ आली. कौलं उतरवून वासे बदलायचे तर दीड लाखाच्या खाली काम नाही. बायको एवढंच म्हणाली, "अहो, दारात एक उभंय की दीड लाखाचं." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट कागदांची. गाडीचं रजिस्ट्रेशन २७ सप्टेंबरला संपतंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, म्हणजे २०१०, २०१५, २०२० आणि आता. आरसी संपली की ट्रान्सफर होत नाही, म्हणजे विकायची तरी निर्णय सप्टेंबरच्या आत हवा.

गेल्या वर्षीची पेट्रोलची वही काढली. वर्षात ४१ दिवस गाडी हलली. त्यातल्या २८ खेपा वरच्या शेताकडं, चार किलोमीटर तांबडा चढ, जिथं पावसाळ्यात घरची छोटी गाडी जात नाही. काजूची पोती खाली आणायलाही हीच. पिकअपवाला खेपेला सहाशे घेतो, म्हणजे १६,८००. जिप्सीवरचा खर्च मागच्या पाच वर्षांत सरासरी बावीस हजार. हिशोब विकण्याच्या बाजूनं आहे, पण थोडक्यातच.

१३ जुलै

पहिलं गिऱ्हाईक. गडहिंग्लजचा जुन्या गाड्यांचा दलाल. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, हूडवरून हात फिरवला. "आहे तशी सव्वा लाख. कागदाचं आमी बघतो." मी म्हटलं, दोन लाखांची आहे. तो हसला आणि चहा पिऊन गेला.

सव्वा लाख हा आकडा वहीत वर लिहून ठेवला. पुढं तो मला रोज दिसणार होता.

मी ठरवलं की थोडं काम करून घेऊ, मग दोन लाख येतील. हे ठरवताना कोणालाही विचारलं नाही. चूक क्रमांक एक, आणि सगळ्यात महागाची.

२० जुलै

मिस्त्रींकडं गाडी खड्ड्यावर घेतली. मागच्या उजव्या पाट्याच्या हँगरजवळ चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "सर, चासी आतनं सडलीया."

जिप्सीची चॅसिस म्हणजे पोकळ पेटी. खाली पाणी जायला भोकं असतात. ती चिखलानं बुजली की आत ओल साठते आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. वरून रंग शाबूत दिसतो. मिस्त्रींनी भोकात तार घालून खरवडलं तर घमेलंभर माती निघाली, तांबडी, आमच्याच शेतातली, आणि तिच्यात काजूची कुजलेली पानं. एकवीस वर्षं मी ही गाडी वरून धुतोय. खालची भोकं एकदाही मोकळी केली नव्हती. पाच मिनिटांचं काम आहे. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की, दर वर्षी करा.

२६ जुलै

वेल्डिंग. मिस्त्रींना वेळ नव्हता म्हणून नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. तो गेट आणि ग्रिल करतो. पेट्रोलची टाकी आधी उतरवली, एवढं शहाणपण केलं. बॅटरीची वायर मात्र काढली नाही.

त्यानं सडलेल्या जागेवर वरूनच पातळ पत्रा ठेवला आणि कडेनं टाके मारले. दोनदा पत्रा जळून भोक पडलं, ते त्यानं तसंच भरलं. साडेचार हजार. संध्याकाळी गाडी सुरू केली तर चार्जिंगचा दिवा विझेना. अल्टरनेटरचे डायोड गेले होते. अजून २,२०० रुपये. गाडीवर वेल्डिंग मारताना बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आठवलं नाही.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

चौदाव्या दिवशी ठिगळाच्या कडेनं तडा गेला. मिस्त्री बघून म्हणाले, "गंजावर वेल्डिंग म्हंजे भाकरीला शिवण घातल्यागत." साडेचार हजार पाण्यात.

आता रीतसर करायचं ठरलं. बॉडी मागून उचलायची, सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि तीन मिलिमीटरची प्लेट चढवायची. प्लेट कोल्हापुरात उद्यमनगरातून वाकवून आणायची, कारण गावात तेवढी जाड प्लेट नीट वाकवणारं कोणी नाही. अंदाज चौदा हजार.

इथंच थांबून हिशोब करायला हवा होता. सव्वा लाखाला आहे तशी देऊन टाकली असती तर हा खर्च दुसऱ्याचा होता. पण तडा डोळ्यांनी बघितल्यावर तशीच गाडी कोणाच्या गळ्यात मारायला मन धजेना. त्या दिवशी वहीत विकण्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

१० ते १७ ऑगस्ट

बॉडीचे बोल्ट. आठपैकी तीन सुटले, तीन डिझेल घालून दोन दिवसांनी सुटले, दोन तुटले. तुटलेले ड्रिल करून काढण्यात एक अख्खा दिवस गेला. मजुरी मिस्त्रींनी अंगावर घेतली, पण माझी एक रजा गेली.

प्लेटची टोकं त्यांनी सरळ कापली नाहीत, माशाच्या शेपटीसारखी कापली. मी कारण विचारलं. सरळ टोकाला सगळा ताण एका रेषेत येतो आणि पुढच्या वेळी बरोबर त्याच रेषेवर तुटतं. तिरपं कापलं की तो पसरतो. नाक्यावरच्या ठिगळाचा तडा सरळ रेषेतच होता, हे तेव्हा ध्यानात आलं.

२३ ऑगस्ट

डोक्याला हात लावायची वेळ. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे जुलैअखेरपासून माझ्या हातात होतं. पण विकायची की ठेवायची हे ठरत नव्हतं, आणि विकायची तर अर्ज घेणाऱ्यानं करावा असा माझा हिशोब. या आठवड्यात नवा नियम आला: वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी पाच हजारांऐवजी दहा हजार. न ठरवण्याची किंमत पाच हजार रुपये.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या, म्हणून आजचा दिवस खरं तर गाडीला सुट्टीचा. तरी स्टेअरिंगचं लिहून ठेवतो, कारण हा घोळ प्रत्येक जुन्या जिप्सीत होतो.

पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं अशी थरथरतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. थांबवेपर्यंत थांबत नाही. मी टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करून घेतलं. फरक शून्य. मग स्टेअरिंगचा डॅम्पर नवा टाकला. चार दिवस बरं वाटलं, परत तेच. दोन्हींचे मिळून २,९०० गेले.

मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं आणि मला म्हणाले, "हात लावा." चाकाच्या वरच्या टोकाला बारीक 'टक' लागत होती. किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची, बेरिंगं गेली होती. डॅम्पर फक्त थरथर दाबतो, ढिलेपणा तिथंच राहतो. चारही बेरिंगं, नकलची सीलं आणि शिम (पातळ चकत्या) नव्यानं बसवून ५,४००. शिम बसवताना घट्टपणा स्प्रिंगकाट्यानं ओढून मोजला. या कामाला त्यांना साडेपाच तास लागले. त्यांच्या शेजारी बसून मीही तेवढाच वेळ घालवला. आता साठलाही गाडी सरळ जाते.

आधी जॅक लावून चाक हलवा, मग दुकानात जा.

७ सप्टेंबर

पेट्रोलचा वास. पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) शिवाय दुसरं मिळत नाही आणि ही गाडी त्या काळातली नव्हे. जुन्या रबरी नळ्या हाताला चिकट लागत होत्या, एक तर दाबल्यावर चिरली. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा (मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात) डायफ्रॅम फुगून आखडला होता. कार्बोरेटरची सुई अडकून ओव्हरफ्लो होत होता तो वेगळा. नळ्या सगळ्या नव्या, पंप नवा, कार्बोरेटरचं किट: ३,६५०. महिन्याभरात गाडी लागणार नसेल तर टाकी भरून ठेवू नका, असं मिस्त्रींनी सांगितलं. मी ते पाळतोय.

सामान मिळालं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. नागरिकांसाठीची जिप्सी बंद होऊन सहा-सात वर्षं झाली. पण लष्कराकडं इतक्या आहेत की पार्ट अजून बाजारात येतात.

१६ सप्टेंबर

आरटीओच्या गडहिंग्लज कॅम्पला तपासणीसाठी गाडी नेली. नापास.

कारण ऐका. फ्लोअरचा पत्रा बदलून झाल्यावर मी हौसेनं खालून काळं रबर कोटिंग मारून घेतलं होतं (पत्रा, रंग, कोटिंग मिळून ८,६००). चॅसिसही नव्यासारखी दिसायला लागली. तपासणीला चॅसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलनं प्रिंट घ्यावी लागते. नंबर उजव्या बाजूला चॅसिसवर ठोकलेला असतो. तो कोटिंगच्या खाली गेला होता. इन्स्पेक्टर साहेब टॉर्च लावून खाली वाकले, मग माझ्याकडं बघितलं. चिडले नाहीत. "नंबर दाखवा, मग बोलू."

घरी येऊन थिनर, फडकं आणि लाकडी पट्टी. लोखंडी ब्रश वापरायचा नाही, कारण ठोकलेले आकडे खरवडले गेले आणि वाचता आले नाहीत तर नंबर पुन्हा मारायची परवानगी काढत बसावं लागतं. पाठीवर झोपून दोन तास. पहिल्यांदा दिसला तो ४. एकवीस वर्षांत मी तो नंबर कागदावरच वाचला होता.

२३ सप्टेंबर

पास. मुदतीच्या चार दिवस आधी. आता २०३०पर्यंत कागद आहेत.

कागदांचा खर्च एकत्र: नूतनीकरण १०,०००, पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,०००, नवी एचएसआरपी नंबर प्लेट जीएसटी धरून ८७९, थर्ड पार्टी विमा २,४७१. विम्यात हजार सीसीच्या आतल्या गाडीचा दर २,०९४ आणि वर जीएसटी. तीस सीसीनं वाचलो. एजंट लावला नाही. लावला असता तर नापास झालो नसतो बहुतेक, त्यानं नंबर आधीच बघितला असता.

१२ ऑक्टोबर

जाहिरात टाकून आठवडा झाला. मागितले २,१०,०००. चार गिऱ्हाइकं आली.

एकानं विचारलं, एसी बसतो का. दुसऱ्यानं नव्या गाड्यांच्या किमतींचा तक्ताच मोबाइलवर दाखवला: २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरलाय, नव्याच स्वस्त झाल्यात, जुन्याला एवढे कोण देतं? तिसरा म्हणाला, दिल्लीकडची याहून नवी जिप्सी एवढ्यात येते. त्यात खोटं काही नाही. तिकडं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला बंदी असल्यानं त्या एनओसी घेऊन बाहेर विकल्या जातात. चौथ्यानं फोटो काढले, "दीड" म्हणाला आणि गेला.

चौघांतल्या एकानंही खाली वाकून बघितलं नाही. चौदा हजारांची प्लेट, साडेपाच तासांचं किंगपिन, नव्या नळ्या यांचा एक रुपया कोणी धरला नाही. त्यांनी बघितलं ते फाटकं हूड, मागच्या सीटचं उसवलेलं रेक्झिन आणि टायर. त्या तिन्हींना मी हात लावला नव्हता. विकायची म्हणून सुरू केलेलं काम मी ठेवायच्या गाडीचं करत बसलो होतो. विकायचीच असती तर हूड शिवायला नऊ हजार आणि सीटला तीन, एवढंच पुरलं असतं. आता हूड शिवू का, असं बायकोला विचारलं. तिनं ताट ठेवलं आणि आत गेली.

२ नोव्हेंबर

दोन गिऱ्हाइकं, एकाच दिवशी.

सकाळी आलेला बेळगावच्या बाजूचा. इंजिन सुरू करायलाही सांगितलं नाही. आरसी मागितली, २०३० बघितलं, नंबर प्लेट बघितली. "एक नव्वद. आत्ता रोख." चालवून बघणार नाही का म्हटल्यावर म्हणाला, "माझ्याकडं बॉडी हाय, कागद न्हाईत." म्हणजे ह्या कागदांवर दुसरीच गाडी फिरणार आणि ही कापून भंगारात. चॅसिस नंबरासकट. कायद्यानं तो गुन्हा आहे आणि ट्रान्सफर होईपर्यंत कागदावर मालक मी. कायद्याचं कारण सांगून त्याला परत पाठवलं. खरं कारण सांगायचं तर मला तो ४ आठवला.

दुपारी एक तिशीतला मुलगा आला. आंबोलीच्या रस्त्याला, घाटाच्या अलीकडं, त्याचा होमस्टे आहे. गाडीजवळ येऊन त्यानं आधी खिशातून टॉर्च काढला, अंगातला शर्ट काढून माझ्याकडं दिला आणि बनियनवर गाडीखाली गेला. दहा मिनिटं फक्त त्याचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, "काका, ही मागची प्लेट कुणी मारली?" सांगितलं. "भारी मारलीय. आणि त्याच्या पुढं एक ठिगळ होतं काय?" होतं, म्हटलं. बाहेर आल्यावर त्यानं चाक धरून हलवलं, लो गिअर टाकून आमच्या शेताचा चढ चढवून आणला आणि दीड लाखापासून सुरुवात केली. १,७२,०००वर थांबलो. वीस हजार इसार दिला.

रात्री वही. दुरुस्ती ४१,२५०, कागद १६,३५०, एकूण ५७,६००. त्यातले माझ्या चुकांचे चौदा हजार सहाशे: पहिलं वेल्डिंग, अल्टरनेटर, बॅलन्सिंग-डॅम्पर आणि उशिराची जादा फी. १,७२,०००मधून ५७,६०० गेले की राहतात १,१४,४००. दलाल जुलैत १,२५,००० देत होता. म्हणजे चार महिने राबून आणि पाठ धरून मी दहा हजार सहाशेनं मागं आलो. बेळगाववाल्याला दिली असती तर सात हजार चारशेनं पुढं असतो.

बायकोनं वही वाचली. "आणि ते एक नव्वदमधले अठरा हजार? ते कुठल्या रकान्यात लिहिलेत?" अजून लिहिलेले नाहीत.

९ नोव्हेंबर

व्यवहार. फॉर्म २९च्या दोन प्रती, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, दोघांचं आधार. दंडाची जुनी ई-चलनं बाकी आहेत का ते आधी बघून घ्या. माझं एक पाचशेचं निघालं, आंबोलीतलं, पार्किंगचं. गाडी ताब्यात दिल्याची पावती दोघांच्या सह्यांनी केली आणि तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी १२.४०. नाव बदलेपर्यंत रस्त्यावर काही झालं तर पहिली नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते, म्हणून ही पावती जपून ठेवायची. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायला त्याला बजावलं.

चावी देताना सांगायचं ते सांगितलं: थंड असताना चोक अर्धाच ओढ, दुसरा गिअर थोडा थांबून टाक, खालची भोकं दर वर्षी मोकळी कर. तो "हो काका" म्हणत होता. भोकांचं त्यानं आधीच बघितलं होतं.

७ डिसेंबर

वाशांचा सुतार येऊन मापं घेऊन गेला. सागवान परवडत नाही, फणसाचं लाकूड वापरू म्हणाला. १,१४,४००मध्ये बसत नाही. वरचे चाळीस पतसंस्थेतून.

१४ डिसेंबर

परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघितला, मालकाचं नाव बदललंय.

काजूला यंदा मोहोर लवकर दिसतोय. मार्चसाठी पिकअपवाल्याला आत्ताच विचारून ठेवलं. गेल्या वर्षी खेपेला सहाशे होते. आता आठशे म्हणतोय, आणि पावसात वर येणार नाही म्हणतोय.